अर्ज भरा, पण कुंचला खाली ठेवू नका!

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा देणारी मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बहुतेक जण या परीक्षा देतात आणि विसरून जातात. पण त्यांतले काही असे असतात की परीक्षा संपली तरी त्यांच्या हातातला ब्रश सुटत नाही. ते पुढे ए.टी.डी. करतात, जी.डी. आर्ट करतात. त्यासाठी सातारा-सांगलीच्या खेड्यांतून सांगली, कोल्हापूर, पुणे गाठतात. आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते, बाप गवंड्याच्या हाताखाली राबतो आणि त्या पैशातून रंगाच्या ट्यूब येतात. एके दिवशी पदविका हातात पडते आणि खरा प्रश्न त्या दिवशी उभा राहतो. आता पुढे काय? शाळेत कलाशिक्षकाची जागा शोधायची, पुण्याच्या अ‍ॅनिमेशन कंपनीत अर्ज टाकायचा, की दोन-तीन वर्षांपासून मनात घोळत असलेली स्वतःची चित्रमालिका पुरी करायची?

या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, "आधी नोकरी बघ, चित्रं काय नंतर पण काढता येतील." कलेच्या वर्तुळातले थोर लोक म्हणतात, "खऱ्या कलावंताने नोकरीच्या फंदात पडू नये. नोकरीने कला मरते." पहिल्या उत्तरात पोटाची काळजी आहे, ती खोटी नाही. परंतु ते 'नंतर' बहुतेकांच्या आयुष्यात येतच नाही. दुसरे उत्तर ऐकायला भारदस्त वाटते. पण ते देणाऱ्याकडे वडिलोपार्जित घर असते, चार एकर बागायत असते, निदान कुणीतरी पगारदार माणूस पाठीशी असतो. ज्याच्या घरात चूल पेटायला संध्याकाळची मजुरी लागते, त्याला हा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

आपल्या मुलांनी या दोन्ही उत्तरांच्या मधून वाट काढायची आहे. सुदैवाने ही वाट नवी नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात ती स्पष्ट दिसते आणि सातारा-सांगलीच्या मातीतही तिच्या खुणा आहेत.

१९२० सालाचा धडा

१९२० हे साल नीट पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्या वेळी बाबासाहेब काय करत होते? ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. १९१८ च्या नोव्हेंबरात त्यांनी ही नोकरी धरली, ती लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून. नोकरी सरकारी होती, त्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव देता येत नव्हते. पत्रावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव गेले. पण लेखणी कोणाची होती हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. शाहू महाराजांनी या पत्राला आर्थिक मदत केली. मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी नोकरी सोडली आणि जुलैमध्ये ते लंडनला गेले.

या घटनेकडे नोकरीच्या अंगाने आपण फारसे पाहत नाही. बाबासाहेबांनी नोकरी केली, पण नोकरीला आयुष्याचे ध्येय केले नाही. किती दिवस करायची, कशासाठी करायची, त्यातून काय साठवायचे, हे आधी ठरवले. नोकरी संपेपर्यंत आपले काम थांबवूनही ठेवले नाही. नोकरीत असतानाच पत्र काढले.

१९२७ साली 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, तेव्हाही हीच परिस्थिती होती. वकिली पुरेशी चालत नव्हती म्हणून बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ शिकवत होते. त्याच काळात महाडचा सत्याग्रह झाला आणि त्याच काळात पत्राचे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने भरून काढले. ज्याच्याजवळ वेळ नव्हता, पैसा नव्हता आणि ज्याच्या डोक्यावर साऱ्या समाजाचे ओझे होते, त्याने 'आधी स्थिरस्थावर होऊ, मग लिहू' असे म्हटले असते तर?

या धड्याला दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. बाबासाहेब लंडनला गेल्यावर 'मूकनायक' पुढे फार काळ तग धरू शकले नाही. एका माणसाच्या रात्रीच्या जागरणावर उभे असलेले काम तो माणूस दूर गेला की डळमळते. म्हणून कलावंताला आसपासच्या समाजाचा हात लागतो. त्याविषयी पुढे बोलू.

किर्लोस्करवाडी आणि वाटेगाव

त्याच १९२० साली आपल्या भागात आणखी दोन गोष्टी घडल्या. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. आणि वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे नावाचे मूल जन्मले, ज्याला जग आज अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखते. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते.

किर्लोस्करवाडीची गोष्ट चित्रकलेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. काही रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक रेखांकन धरले. पुढे व्ही.जे.टी.आय.मध्ये शिकवण्याची नोकरी केली आणि नंतर कारखाना काढला. १९१० साली औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्याच घरातले शंकरराव किर्लोस्कर चित्रकला शिकलेले. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांनी हाती घेतले आणि त्यातूनच 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे ते 'किर्लोस्कर' झाले, त्याला 'स्त्री' आणि 'मनोहर' ही भावंडे मिळाली. नोकरीतले काम आणि मनातले काम एकाच टेबलावर कसे बसू शकते, त्याचा हा नमुना आहे. तो नाकारण्याचे कारण नाही.

पण त्या टेबलापर्यंत पोहोचायला काय लागले, हेही पाहिले पाहिजे. कारखाना घरचा होता, जमीन संस्थानिकाने दिली होती, शिक्षणाचा वारसा होता. शंकररावांना कुठल्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागले नाही.

वाटेगावच्या तुकारामाला शाळेने फार दिवस ठेवले नाही. बापाबरोबर पायी चालत तो मुंबईला आला. कोळसा वाहिला, पडेल ते काम केले, गिरणीत राबला. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे केले. चिरागनगरच्या झोपडीत बसून कथा, कादंबऱ्या, लोकनाट्ये लिहिली. 'फकिरा' १९५९ साली आली, तिला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णा भाऊंना कुणी कलेची नोकरी दिली नाही. त्यांनी वाट पाहत बसण्याचे नाकारले. मात्र याची जबर किंमत त्यांना चुकवावी लागली. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही गाठली नसताना, विपन्नावस्थेत ते गेले.

म्हणून आजच्या तरुणाला "अण्णा भाऊंसारखे उपाशी राहून लिही" असे कुणी सांगत असेल तर ते क्रौर्य आहे. उपासमारीतून त्यांनी साहित्य निर्माण केले, हा त्यांचा मोठेपणा. त्यांना उपाशी राहावे लागले, ही समाजाची लाज. त्यांची जिद्द घ्यायची आहे. उपास पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही.

कमवा, शिका आणि चितारा

सातारा म्हटले की कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' ही योजना आठवते. रयत शिक्षण संस्था ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी स्थापन झाली, १९२४ साली ती साताऱ्याला आली. स्वतः भाऊराव त्या काळात काय करीत होते? ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव फिरत होते. ही विक्रेत्याची नोकरी त्यांच्या कामाच्या आड आली नाही. उलट त्या फिरतीनेच त्यांना खेड्यातल्या पोरांचे हाल दाखवले.

कलेची नोकरीसुद्धा अशी शाळा होऊ शकते. आपल्या भागाबाहेरचे, पण चळवळीला जवळचे एक उदाहरण देतो. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावच्या सुतार कुटुंबात जन्मलेले राम सुतार जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर १९५४ साली पुरातत्त्व खात्यात नोकरीला लागले. चार वर्षे अजिंठा-वेरूळची जीर्ण शिल्पे दुरुस्त करण्याचे काम केले. म्हणजे बौद्ध लेण्यांच्या सान्निध्यात, पगार घेऊन, प्राचीन शिल्पकारांच्या हाताखाली शिकल्यासारखेच झाले. मग दिल्लीत केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्यात थोडे दिवस काढले आणि १९५९ साली राजीनामा देऊन स्वतंत्र शिल्पकार झाले. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील स्मारकातला बाबासाहेबांचा पुतळा ज्यांनी घडवला, ते हेच राम सुतार. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून ते गेले. नोकरी कधी धरायची आणि कधी सोडायची, हे त्यांना कळले होते.

आजची परिस्थिती

आता आजच्या अर्जदाराकडे वळू. त्याच्यापुढे कोणती दारे आहेत?

पहिले दार शाळेचे. एकेकाळी प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्णवेळ चित्रकला शिक्षक असे. आज ती जागा आक्रसत चालली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक सांगितले, पण ते अंशकालीन, आणि तेही शंभरापेक्षा जास्त पट असलेल्या शाळेत. भरती आता अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल यांतून होते. ही चाचणी २०१७ साली झाली आणि पुढची थेट २०२३ साली. मधल्या पाच वर्षांत ज्याचे उमेदीचे वय सरले, त्याला कोण जबाबदार? निवड झाली तरी सुरुवातीला शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली आठ हजारांवरून अठरा हजार रुपये झाले, तेही वर्षानुवर्षांच्या ओरडीनंतर. ज्यांना हेही मिळत नाही ते तासिका तत्त्वावर राबतात.

दुसरे दार बोर्ड रंगवण्याचे. सातारा, कराड, मिरज, सांगलीच्या बाजारपेठांत एकेकाळी पेंटरची दुकाने होती. दुकानाच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, जयंतीचे फलक, सगळे हाताने होत असे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुलांनी या दुकानांत बसून अक्षर गिरवले. फ्लेक्सचे छापील फलक आले आणि हा धंदा बघता बघता बसला. आता तर संगणकाला वाक्य सांगितले की तो चित्र काढून देतो. त्यामुळे किरकोळ चित्रकामही हातचे जाऊ लागले आहे.

तिसरे दार खाजगी कंपन्यांचे. पुणे-मुंबईत अ‍ॅनिमेशन, जाहिरात, संगणक-खेळ यांच्या कंपन्या आहेत. इथे आरक्षण नाही, वशिला मात्र चालतो. वशिला नसलेल्याकडे एकच शस्त्र उरते, ते म्हणजे स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ.

माझा मुद्दा इथेच आहे. पोर्टफोलिओ कशाचा करायचा? कॉलेजात सगळ्यांनी मिळून काढलेले तेच मडके, तेच फडके, तोच प्लास्टरचा पुतळा? असे पोर्टफोलिओ निवडणाऱ्याने ढिगाने पाहिलेले असतात. संगणक जे चित्र क्षणात काढतो तेच तुम्ही चार दिवस घासून काढले तर तुमची गरज काय? जे संगणकाला आणि शेजारच्या उमेदवारालाही काढता येत नाही, ते तुमच्या स्वतःच्या कामात आहे. म्हणजे ज्या कामाला घरचे 'नंतर' म्हणतात, तेच काम अर्जातली सगळ्यात वजनदार गोष्ट ठरू शकते.

एक उदाहरण घेऊ

समजा, साताऱ्यातल्या एका मुलीला बाबासाहेबांच्या साताऱ्यातल्या बालपणावर चित्रकथा करायची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने त्यांनी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात प्रवेश घेतला. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. विषय मोठा आहे, चाळीस-पन्नास पाने लागतील. दुसरीकडे तिला पुण्यातल्या कंपनीत अर्ज करायचा आहे. चित्रकथा पुरी होईपर्यंत थांबली तर वर्ष जाईल. अर्जाच्या मागे लागली तर चित्रकथा कपाटात जाईल.

तिने काय करावे? चित्रकथेचे तुकडे पाडावेत. पहिल्या महिन्यात फक्त भिवा. तोच मुलगा दहा वेगवेगळ्या अवस्थांत काढायचा. चालताना, बसलेला, पाटी मांडीवर घेतलेला, रागावलेला, आईविना पोरका झालेला. चेहरा तोच ओळखू आला पाहिजे. कंपन्या उमेदवारात हेच कसब शोधतात. दुसऱ्या महिन्यात जागा काढायच्या. शाळेची जुनी इमारत, व्हरांडा, साताऱ्याचे चढ-उतार, मागे अजिंक्यतारा, सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड. हे पार्श्वभूमीचे काम झाले. तिसऱ्या महिन्यात तीनच पाने, पण रंगासकट पुरी. तीन महिन्यांत तिच्या हातात अर्जाला जोडण्याजोगे दहा-पंधरा चित्रांचे काम असेल आणि चित्रकथेचा पाया पडलेला असेल. एका नांगरटीत दोन पिकांची तयारी झाली. पूर्ण झालेली तीन पाने दाखवता येतात. अर्धवट राहिलेली चाळीस दाखवता येत नाहीत.

शाळेच्या नोकरीसाठी हेच काम वेगळ्या रीतीने मांडता येते. भिवाची गोष्ट सातवीच्या वर्गाला फळ्यावर चार रेषांत कशी सांगाल, मुलांकडून कोणते चित्र काढून घ्याल, याची दोन पाने जोडली की तीच चित्रकथा पाठाचा आराखडा होते.

वेळेचे म्हणाल तर तो ठरवून बांधावा लागतो. अर्ज शोधणे, भरणे, फोन करणे याला आठवड्यातल्या दोन संध्याकाळी द्याव्यात. बाकीच्या दिवशी रोज एक तास, घर जागे होण्याच्या आधी, स्वतःच्या कामाला. आज अर्जाला नकार आला म्हणून उद्याचा तास चुकवायचा नाही. मुलींच्या बाबतीत हा तास घरच्यांनी राखून दिला पाहिजे. पाणी, चूल, धुणे सारे तिच्या डोक्यावर टाकून वर "तुला चित्रं काढायला कोण अडवतंय?" असे विचारणे हा समतेचा व्यवहार नव्हे.

आणि रविवारी कधी औंधला जाऊन यावे. खटाव तालुक्यातल्या या गावी बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्याची मूळ चित्रे आहेत, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे शिल्प आहे. संस्थानिकाने जमवलेला हा ठेवा आज जनतेचा आहे. आपल्या मुलांनी तो हक्काने पाहावा.

निळा रंग लपवायचा का?

आता एका नाजूक प्रश्नाला हात घालतो. तो मुले आपसात बोलतात, मोठ्यांसमोर बोलत नाहीत. "पोर्टफोलिओत बाबासाहेबांचे चित्र ठेवू का? बुद्ध ठेवू का? वस्तीची चित्रे ठेवू का? बघणाऱ्याने आडनाव आणि चित्र जुळवले आणि बाजूला टाकले तर?" ही भीती काल्पनिक नाही. मुलाखतीत 'गाव कोणते, आडनाव कोणते' या प्रश्नांचा रोख कुठे असतो, हे आपल्याला कळते. नकाराचे खरे कारण कुणी लिहून देत नाही. बाबुराव बागुलांना सुरतेला रेल्वेत नोकरी करताना भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागली होती. तो कोंडमारा सहन न होऊन त्यांनी ती नोकरी सोडली आणि मराठी साहित्याला हादरवणारा कथाकार जन्माला आला.

यावर माझे मत असे. कोणत्या अर्जाला कोणती चित्रे जोडायची हे कामाच्या गरजेप्रमाणे ठरवा, भीतीप्रमाणे ठरवू नका. खेळण्यांच्या जाहिरातीचे काम असेल तर तिथे मोर्चाचे चित्र उपयोगाचे नाही, हा व्यवहार झाला. पण तुमचे सर्वोत्तम चित्र केवळ त्यात बाबासाहेब आहेत म्हणून काढून टाकत असाल, तर तुम्ही स्वतःच स्वतःला नापास करत आहात. जे ठिकाण तुमचे सर्वोत्तम काम पाहून तोंड फिरवते, तिथे रोज आठ तास बसून तुमचे काय होईल, याचाही विचार करा. हे सांगणे सोपे आहे, घरात पगार नसताना पाळणे कठीण आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच ही लढाई एकट्या उमेदवाराची राहता कामा नये.

कागद वाचून सही करा

बाबासाहेबांनी आपल्याला कायदा दिला, तो वाचण्याची सवयही लावून घेतली पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत मालकासाठी केलेल्या कलाकृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचेही तसेच. पण नोकरीबाहेर, स्वतःच्या वेळात, स्वतःसाठी काढलेले चित्र तुमचे. म्हणून नोकरी धरण्याआधीच्या आपल्या कामावर तारखा घाला, त्याचे फोटो जपून ठेवा. करारावर सही करण्यापूर्वी, 'कर्मचाऱ्याने केलेले सर्व काम कंपनीचे' असे वाक्य आहे का ते पाहा. असेल तर "माझी अमुक चित्रकथा यातून वगळावी" असे लेखी मागा. हक्क विकला तरी, चित्र आपण काढले हे सांगण्याचा चित्रकाराचा अधिकार कायद्याने वेगळा राखला आहे, हेही लक्षात ठेवा.

सरकारी नोकरीत गेलात तर १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात. त्यांत धंदा करण्यास बंदी आहे, पण कर्तव्यात कसूर न होता केलेल्या प्रासंगिक साहित्यिक व कलाविषयक कामाला वाव ठेवला आहे. 'नोकरी लागली, आता चित्र काढता येणार नाही' ही समजूत खरी नाही. आणि 'चाचणी' म्हणून कुणी तुमच्याकडून आठवडाभराचे संपूर्ण काम फुकट करून मागत असेल तर विचारा की हे काम पुढे वापरणार आहात काय? वापरणार असाल तर मोबदला काय? वेठबिगारी आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ केली.

समाजाने काय करायचे?

शेवटी चार शब्द तरुणांना नव्हे, आपल्या मंडळांना आणि कार्यकर्त्यांना. जयंतीला डी.जे.वाल्याला आपण मोजून पैसे देतो, फ्लेक्सवाल्याला देतो, मंडपवाल्याला देतो. चित्रकार पोराला मात्र "समाजाचं काम आहे, जयभीम म्हणून करून दे" असे सांगतो. तो रात्र रात्र जागून विहाराची भिंत रंगवतो आणि सकाळी त्याला चहा मिळतो. दुसऱ्याच्या घामाचे मोल न देणे यालाच आपण शोषण म्हणतो ना? मग ते आपल्या माणसाने केले म्हणून समाजसेवा कसे होते?

प्रत्येक जयंती मंडळाने खर्चाच्या वहीत चित्रकाराच्या मजुरीचा रकाना घालावा. फ्लेक्सच्या पाच फलकांऐवजी एक फलक हाताने रंगवून घ्यावा. तो पुढच्या वर्षीही कामाला येतो. विहारांच्या भिंती वर्षातून आठ दिवस तरुणांच्या प्रदर्शनाला द्याव्यात. नोकरदार वर्गाने घराच्या भिंतीवर छापील तसबिरीशेजारी आपल्या मुलाने काढलेले एक मूळ चित्र, रास्त किंमत देऊन लावावे. शाहू महाराजांनी 'मूकनायक'ला हात दिला तेव्हा पत्र उभे राहिले. आज आपल्यात कुणी राजा नाही, पण पगारदार पुष्कळ आहेत. शंभर पगारदारांनी मनात आणले तर एका चित्रकाराचे वर्ष निघते. ते वर्ष मिळाले तर तो पदरात पडेल ती नोकरी निमूट धरणार नाही, आपल्या कामाला शोभेल अशी निवडून घेईल.

तथागतांनी अष्टांग मार्गात सम्यक आजीविका सांगितली आणि दोन्ही टोके सोडून मध्यम मार्ग धरायला सांगितला. कलेसाठी घरादाराला उपाशी ठेवणे हे एक टोक. पगारासाठी आतला कलावंत मारून टाकणे हे दुसरे. आपल्या मुला-मुलींनी मधल्या वाटेने जावे. अर्ज भरावा, चाचणी द्यावी, मिळेल ती स्वाभिमानाची नोकरी धरावी, आणि रोजचा तो एक तास कुणालाही देऊ नये. हजारो वर्षे आपली चित्रे इतरांनी काढली आणि त्यांत आपण वाकलेलेच दिसलो. ताठ उभे असलेले आपले चित्र काढण्याचे काम कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत निघणार नाही. त्यासाठी कुणी अर्ज मागवणार नाही. ते आपणच आपल्याला दिलेले काम आहे.

जयभीम!